जुन्या मिनीबाइकचा पुढचा फोर्क: दुरुस्ती कोठून सुरू करावी

प्रश्न असा आहे: सत्तरच्या दशकातील एका मिनीबाइकचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारी दोन पायांची जोडी, हाताने दाबला तर खाली जातो, पण परत वर येताना अर्ध्यावर अडकतो, पुढचा ब्रेक लावला की हँडलच्या खालून 'टक' असा आवाज येतो, आणि गाडी चालताना किंचित डावीकडे ओढते. अशा वेळी नवीन स्प्रिंगा घालाव्यात की संपूर्ण फोर्कच बदलावा, असे विचारले आहे. माझे उत्तर असे की, यांपैकी काहीही करण्यापूर्वी फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांना समांतर आहेत की नाहीत, हे तपासावे. या छोट्या गाड्यांच्या फोर्कमध्ये जे बिघाड स्प्रिंगचे किंवा बुशचे (नळी ज्यात सरकते त्या अस्तराचे) म्हणून दुरुस्तीला येतात, त्यांतील बऱ्याच बिघाडांचे मूळ समांतरपणा गेलेला असण्यात असते, आणि ते दुरुस्त न करता घातलेला प्रत्येक नवीन भाग लवकरच पुन्हा झिजतो.

आधी या फोर्कची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण मोठ्या मोटरसायकलचे ज्ञान येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. सुरुवातीच्या मिनीबाइकना पुढे सस्पेन्शनच नसे. होंडाची १९६७ सालची झेड ५० एम ही अशीच ताठ फोर्कची गाडी होती, आणि त्यानंतर आलेल्या झेड ५० ए या मॉडेलला पुढे स्प्रिंगचा फोर्क मिळाला. त्या काळातील बहुतेक मिनीबाइकचे फोर्क 'कोरडे' असतात. म्हणजे त्यांत तेल नसते, दाब शोषणारा पिस्टन नसतो. एका नळीत दुसरी नळी सरकते, मध्ये स्प्रिंग असते, आणि घर्षण कमी राहावे म्हणून ग्रीस असते. स्प्रिंगचे हेलकावे थांबवण्याचे काम जे काही होते ते या घर्षणानेच होते. त्यामुळे थोडे घर्षण हा या फोर्कचा दोष नसून ती त्याची रचनाच आहे. मात्र ते घर्षण प्रमाणाबाहेर गेले की फोर्क अडकू लागतो.

अर्ध्यावर अडकण्याचा अर्थ येथे उलगडतो. स्प्रिंग पूर्ण दाबलेली असताना तिचा जोर सर्वाधिक असतो, म्हणून ती नळीला घर्षणाविरुद्ध वर ढकलू शकते. जसजशी ती उघडते तसतसा जोर कमी होतो, आणि जेथे हा जोर घर्षणाएवढाच उरतो तेथे फोर्क थांबतो. म्हणजे स्प्रिंग पूर्णपणे चांगली असूनही हे लक्षण दिसू शकते. जास्त जोराची स्प्रिंग घातली तर अडकण्याची जागा थोडी वर सरकेल, गाडी दगडासारखी कडक होईल, आणि बुश पूर्वीप्रमाणेच झिजत राहतील.

काहीही खोलण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. गाडीचा पुढचा भाग खाली ठोकळा देऊन उचलावा, चाकाच्या आसाचा नट दोन-तीन फेरे सैल करावा, आणि मग चाक धरून फोर्क खाली-वर हलवून पाहावा. तो आता मोकळेपणाने हलत असेल, तर दोष फोर्कमध्ये नसून चाकाच्या बाजूच्या स्पेसरमध्ये (चाक आणि फोर्कचा पाय यांतील अंतर राखणाऱ्या नळकांडीत) आहे. पन्नास वर्षांत कोणीतरी चाक काढलेले असते, बेअरिंग बदललेले असते, आणि मूळ स्पेसरऐवजी हाताला लागतील ते वायसर घातलेले असतात. स्पेसरची एकूण लांबी दोन-तीन मिलिमीटरने जरी कमी पडली, तरी नट आवळताना दोन्ही पाय खालून एकमेकांकडे ओढले जातात आणि नळ्या आपापल्या बुशमध्ये तिरक्या बसतात. अशा वेळी योग्य लांबीचा स्पेसर लेथवर करून घेतला की काम संपते. ही परीक्षा न करता फोर्क पूर्ण उलगडणारे लोक मी इतके पाहिले आहेत की आता ती पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवी होती असे वाटते.

'टक' आवाजाचे निदान वेगळे करावे लागते. पुढचा ब्रेक दाबून धरावा, गाडी पुढे-मागे हलवावी, आणि दुसऱ्या हाताचे बोट आधी हँडलच्या मानेच्या (फोर्क ज्यात फिरतो त्या चौकटीच्या पुढच्या नळीच्या) खालच्या कडेवर आणि नंतर सरकणाऱ्या नळीच्या सांध्यावर ठेवावे. ज्या जागी बोटाला हालचाल जाणवते, तेथे प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. मानेत प्ले असेल, तर तेथे बेअरिंगचे सुटे बॉल आहेत की साधे बुश, हे पाहावे. स्वस्त गाड्यांत पितळेचा किंवा नायलॉनचा बुशच असतो. सुटे बॉल असतील तर खाली फडके पसरूनच मान खोलावी, दोन्ही बाजूंचे बॉल मोजून वेगळे ठेवावेत, आणि बसवताना वाटीत मोकळी जागा दिसते म्हणून एखादा बॉल वाढवू नये, कारण ती जागा बॉलना फिरण्यासाठी ठेवलेली असते. हँडल सरळ असतानाच्या स्थितीत वाटीला खड्ड्यांची रांग पडलेली असेल, तर बॉल आणि वाट्या एकत्रच बदलाव्यात. मान बसवल्यावर प्ले शून्य असावा आणि चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडावे. याहून अधिक आवळणे म्हणजे नवीन वाट्यांना नवीन खड्डे पाडणे होय.

आता फोर्क उतरवण्याकडे वळू. वरची टोपी किंवा बोल्ट काढताना आत दाबलेली स्प्रिंग आहे हे विसरू नये. शेवटच्या आट्यांवर टोपी हाताने दाबून धरावी, चेहरा बाजूला ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. काही फोर्कमध्ये नळीला लांबट खाच असते आणि तीत अडकणारा बोल्ट किंवा पिन सरकणाऱ्या पायाला बाहेर येऊ देत नाही. अशा फोर्कमध्ये स्प्रिंगचा दाब त्या पिनवर असतो, म्हणून पिन ठोकून काढण्यापूर्वी फोर्क थोडा दाबून बांधून घ्यावा. गंजाने घट्ट बसलेल्या नळीला गंज सोडवणारे तेल सोडून निदान एक रात्र ठेवावे आणि मग नळी ओढण्याऐवजी ती आपल्या अक्षाभोवती फिरवण्याचा प्रयत्न करावा, कारण गंजाची पकड ओढण्यापेक्षा फिरवण्याने लवकर सुटते. अर्थात, खाच आणि पिनचा फोर्क असेल तर पिन काढल्यावरच फिरवावे. उष्णता द्यायची असेल तर फक्त बाहेरच्या नळीला, ती हाताला सोसणार नाही इतपतच द्यावी. आत नायलॉनचा बुश असण्याची शक्यता असेल तर ज्योत लावूच नये. बंद नळीत अडकलेले तेल किंवा पाणी तापून उडू शकते, ही गोष्टही लक्षात ठेवावी.

सर्व भाग स्वच्छ झाल्यावर खरी तपासणी सुरू होते, आणि येथे घाई करू नये. स्प्रिंगा आणि बुश काढून टाकलेल्या, फक्त क्लॅम्प (दोन्ही नळ्यांना पकडून धरणारे आडवे जोड) आणि वरच्या नळ्या असलेल्या सांगाड्याला जाड काचेच्या सपाट तुकड्यावर असे ठेवावे की दोन्ही नळ्या आडव्या टेकतील. मानेचा दांडा किंवा क्लॅम्पची कड मध्ये येत असेल तर काचेवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून त्यांवर नळ्या टेकवाव्यात. दोन्ही नळ्यांची दोन्ही टोके एकाच वेळी टेकली पाहिजेत. एखादे टोक अधांतरी राहून सांगाडा डुगडुगत असेल, तर वरचा आणि खालचा क्लॅम्प एकमेकांच्या तुलनेत पिळले गेले आहेत. मग व्हर्नियर कॅलिपरने नळ्यांमधील अंतर क्लॅम्पलगत आणि खालच्या टोकाला मोजावे. या दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही. पिळलेला सांगाडा आणि असमान अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिल्याने गाडी एका बाजूला ओढते, दुसऱ्याने फोर्क अडकतो. तुमच्या गाडीत दोन्ही लक्षणे आहेत, म्हणून दोन्ही मापे घ्यावीत. गाडी ओढण्याचे कारण चौकट वाकणे किंवा चाके एका रेषेत नसणे हेही असू शकते. लांब सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या बाजूला लावून ते पाहता येते.

प्रत्येक नळी स्वतंत्रपणे सरळ आहे का, हे व्ही-ब्लॉक (नळी टेकवून फिरवता येईल असा खाचेचा ठोकळा) आणि डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे मापयंत्र) यांनी पाहावे. नळी फिरवताना गेजच्या काट्याने दाखवलेल्या एकूण फरकाच्या निम्मे म्हणजे प्रत्यक्ष बाक, हे विसरल्याने चांगल्या नळ्या भंगारात जातात. बाक ०.२ मिलिमीटरच्या आत असेल तर नळी वापरावी. त्याहून जास्त, पण लांब आणि सौम्य बाक असेल, तर दाबयंत्रावर थंड स्थितीतच हळूहळू सरळ करता येतो. मात्र वाकलेल्या जागी घडी किंवा चपटेपणा दिसत असेल तर ती नळी टाकून द्यावी. पातळ भिंतीची नळी एकदा दुमडली की तेथील धातू ताणून थकलेला असतो, आणि सरळ दिसू लागल्यावरही तो त्याच जागी पुन्हा वाकतो. लालभडक तापवून सरळ करणे तर सर्वांत वाईट, कारण त्याने ती जागा मऊ पडते.

खालच्या क्लॅम्पच्या लगत खाली जो पट्टा येतो, त्यावर वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणून भेगा तेथेच सापडतात. रंग घासून काढून त्या जागी भेग दाखवणारा लाल द्रव लावावा, डब्यावर सांगितलेला वेळ थांबावे, वरचा द्रव पुसून पांढरी फवारणी करावी. भेग असेल तर लाल रेषा आपोआप उमटते. अशी रेषा दिसली तर वरून वेल्डिंगचा थर चढवून मोकळे होऊ नये. ती नळी काढून त्याच बाह्य व्यासाची, मूळ भिंतीइतक्या किंवा किंचित जास्त जाडीची, बिनजोड ओढलेल्या पोलादाची नळी बसवावी. मूळ जोड पितळेने केलेला असेल तर त्यावर वेल्डिंग करू नये, कारण वितळलेले तांबे पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये शिरते आणि सांधा ठिसूळ होतो. तेथे पितळ पूर्ण काढावे किंवा पुन्हा पितळेनेच जोडावे. वेल्डिंग करताना खालच्या टोकांना खरा आस किंवा त्याच मापाचा दांडा आणि योग्य स्पेसर बसवून सांगाडा बांधलेला असावा, आणि एका बाजूला पूर्ण फेरी न मारता आलटून पालटून छोटे टाके द्यावेत, नाहीतर थंड होताना नळ्या स्वतःच समांतरपणा सोडतात. झिंकचा किंवा क्रोमचा मुलामा वेल्डिंगच्या जागेवरून आधी घासून काढावा, कारण त्यांची वाफ विषारी असते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग तर वेल्डिंगला घेऊच नये, कारण त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा घातक वायू तयार होतो.

बुशच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची आहे: प्रत्येक पायात वरचा आणि खालचा असे दोन बुश असतील, तर त्यांच्यातील अंतर जितके जास्त, तितका फोर्क अडकण्याची शक्यता कमी. फोर्क पूर्ण उघडलेला असताना आतील नळी बाहेरच्या नळीत तिच्या व्यासाच्या निदान दीडपट तरी शिल्लक असली पाहिजे. लांब स्प्रिंग घालून फोर्क 'उंच' केलेल्या गाड्यांत हेच बिघडते. बुश पितळेचा असेल तर मी व्यासावर ०.१० ते ०.१५ मिलिमीटर मोकळीक ठेवतो. नायलॉन ओलाव्याने फुगतो, म्हणून तेथे ०.२५ पर्यंत जातो. बुश दाबून बसवल्यावर त्याचे भोक थोडे आवळते, त्यामुळे माप बसवल्यानंतर घ्यावे आणि गरज पडली तर त्यानंतरच रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार, फिरवावा. तेल मुरवलेल्या सच्छिद्र ब्राँझच्या बुशला मात्र पॉलिश पेपर किंवा बोथट रीमर लावू नये. त्याने छिद्रे बुजतात आणि बुशचा उपयोगच संपतो. नळीला नवीन क्रोम करायचा असेल तर बुश त्यानंतर मापून करावेत, कारण मुलाम्याने व्यास बदलतो.

बुश झाल्यावर, स्प्रिंगा न घालता, आस आणि स्पेसर बसवून नट पूर्ण आवळावा आणि दोन्ही पाय एकत्र वर ढकलून सोडून द्यावेत. ते आपल्याच वजनाने शेवटपर्यंत घसरले पाहिजेत. या एका परीक्षेत स्पेसर, नळ्या, क्लॅम्प आणि बुश या सर्वांचा निकाल लागतो, आणि ती पार पडल्याशिवाय स्प्रिंगांना हात लावू नये.

स्प्रिंगांचा विचार आता करता येईल. दोन्ही बाहेर काढून शेजारी उभ्या कराव्यात. मोकळ्या लांबीत लक्षात येण्याजोगा फरक असेल किंवा एखादीला गंजाचे खड्डे असतील, तर दोन्ही बदलाव्यात. बसलेली स्प्रिंग ताणून लांब केली तर ती काही दिवसांत पुन्हा बसते. वेटोळी कापून लहान केली तर उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते, कारण कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. नवीन स्प्रिंग करून घेताना कडकपणाचे सूत्र उपयोगी पडते: पोलादाचा कर्तन गुणांक, म्हणजे सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, गुणिले तारेच्या व्यासाचा चौथा घात, भागिले आठ गुणिले वेटोळ्याच्या मध्यव्यासाचा घन गुणिले कार्यरत वेटोळ्यांची संख्या. उदाहरणार्थ, ४ मिलिमीटर तार, २० मिलिमीटर मध्यव्यास आणि ३० वेटोळी घेतली तर एका स्प्रिंगचा कडकपणा सुमारे १०.५ न्यूटन प्रति मिलिमीटर येतो, दोन्हींचा मिळून २१. पुढच्या बाजूला स्वारासह ४० किलो भार येत असेल आणि फोर्क उभ्या रेषेपासून २५ अंशांनी कललेला असेल, तर फोर्कच्या दिशेने सुमारे ३५५ न्यूटन जोर पडतो आणि फोर्क १७ मिलिमीटर बसतो. एकूण चाल ६० मिलिमीटर असेल तर हे प्रमाण योग्य आहे. चालीच्या पाव ते तिसरा हिस्सा स्वार बसल्यावर खर्च व्हावा. येथे तारेच्या व्यासाचा चौथा घात येतो याकडे लक्ष द्यावे: तार दहा टक्क्यांनी जाड केली की स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्क्यांनी कडक होते, म्हणून 'थोडी जाड तार घाला' असे कारागिराला मोघम सांगू नये. तसेच सर्व वेटोळी एकमेकांना टेकल्यावरची लांबी मोजून पाहावी. वरील स्प्रिंगमध्ये टोकांची दोन वेटोळी धरून ती १२८ मिलिमीटर होते, आणि फोर्क पूर्ण दाबलेला असताना आत त्यापेक्षा जास्त जागा उरलीच पाहिजे.

स्प्रिंगांवरील गंज आम्लात बुडवून काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. आम्लातून आणि विद्युत मुलाम्यातून हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग बाहेरून चकचकीत दिसत असतानाच अचानक तुटते. मुलामा द्यायचाच असेल, तर त्यानंतर लगेच काही तास सुमारे २०० अंश सेल्सियसला भाजून घेणारा कारखाना शोधावा. अन्यथा तारेच्या ब्रशने घासून ग्रीस लावलेली स्प्रिंग पुरेशी असते. ती फोर्कच्या आत कोणाला दिसणारही नाही.

तुमचा फोर्क तेलाचा निघाला, तर सीलच्या (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) वाटेत येणारे नळीवरचे खड्डे आधी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावेत, नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावून नळीच्या टोकावर पातळ प्लास्टिक गुंडाळून तो सरकवावा, आणि दोन्ही पायांत तेल ओतलेल्या मापावर न विसंबता आतील पातळी मोजून सारखी करावी. बाकी समांतरपणाची सर्व तपासणी तीच.

कोरड्या फोर्कमध्ये पाण्याला दाद न देणारे ग्रीस बुशवर आणि स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला पातळ लावावे. नळी ग्रीसने ठासून भरणे ही सेवा नव्हे. आतील हवेला जायला जागा राहत नाही आणि फोर्क खाली जाताना कडक होतो किंवा वरची टोपी ढकलली जाते. पायाच्या तळाशी पाणी निघण्याचे छोटे भोक असेल तर ते तारेने मोकळे करावे. ते बुजल्यामुळे फोर्क आतून गंजतात.

जोडणी करताना क्रम पाळावा. क्लॅम्पचे बोल्ट हलके ठेवून आस बसवावा, आसाचा नट आवळावा, गाडी ठोकळ्यावरून उतरवून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबावा म्हणजे नळ्या आपली जागा घेतील, आणि मग क्लॅम्पचे बोल्ट आवळावेत. पुढे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकच्या पाटावरील खाच फोर्कवरील कानात नीट बसली आहे हे डोळ्यांनी पाहावे, हाताने चाचपून समाधान मानू नये. ती बसली नसेल तर पहिल्याच ब्रेकला पाट चाकाबरोबर फिरतो, चाक अडते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. केबल हँडलच्या दोन्ही टोकांना ताणली जात नाही हेही पाहावे. पहिली फेरी सपाट जमिनीवर आणि सावकाश घ्यावी, आणि परतल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

राहिला संपूर्ण फोर्क बदलण्याचा प्रश्न. दोन्ही नळ्या दुमडलेल्या आणि क्लॅम्पही पिळलेला असेल, तर तो पर्याय रास्त आहे, पण दुसऱ्या गाडीचा फोर्क घेताना लांबी काटेकोर पाहावी. दोन चाकांतील अंतर ९०० मिलिमीटर असलेल्या गाडीला २० मिलिमीटर लांब फोर्क लावला तरी पुढचा भाग सुमारे १८ मिलिमीटर उचलला जातो आणि हँडलचा कल एक अंशाहून जास्त बदलतो. एवढ्या लहान गाडीत तो वळताना स्पष्ट जाणवतो. म्हणून जुना फोर्क, कितीही वाकडा असला तरी, नवीन बसून गाडी नीट चालेपर्यंत टाकू नये. नळीचा व्यास, स्पेसरची लांबी आणि फोर्कची मूळ उंची ही मापे त्याच्यावरूनच घ्यावी लागतात.